आधी पेट्रोल कुठे अडलंय ते शोधा, मग कार्बोरेटर उघडा

जुनी मोटारसायकल रस्त्यात बंद पडली की निदान आधीच ठरलेलं असतं: "कार्बोरेटरमध्ये कचरा आला असणार." गॅरेजवाले म्हणतात, शेजारचे काका म्हणतात, टपरीवर चहा पीत उभा असलेला अनोळखी माणूसही म्हणतो. मग कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, उतरतो, पेट्रोलमध्ये बुचकळला जातो, हवा मारून परत बसतो. गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा तेच.

माझं म्हणणं सरळ आहे. पेट्रोल कमी पडण्याची तक्रार असेल तर कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडावा. टाकीतून निघालेलं पेट्रोल कार्बोरेटरखालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीत पोचेपर्यंत वाटेत त्याला अडवणाऱ्या चार-पाच जागा आहेत. त्या बहुतेक सगळ्या घरच्या घरी, एक पक्कड आणि एक रिकामी बाटली घेऊन तपासता येतात. कार्बोरेटर मात्र दर वेळी उघडला की काहीतरी झिजतं: स्क्रूची डोकी, वाटीचं गॅस्केट, बारीक भोकातून पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी जेटच्या खाचा. हळूहळू मूळ दुखणं कुठलं आणि उघडझापीतून आलेलं कुठलं हे कळेनासं होतं.

आमची स्प्लेंडर १९९९ ची आहे. हिरो होंडाच्या दिवसांतली, ९७.२ सीसीची, किकवाली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती इगतपुरीजवळच्या घोटीला असताना घेतली. भाताच्या आवणीच्या दिवसांत तिच्यावरून युरियाच्या गोण्या शेतावर गेल्या, तिच्यावरून आजी दवाखान्यात गेली. गुडघे दुखायला लागल्यावर दादांनी ती माझ्या हवाली केली. मी नाशिकला सिडकोत राहते आणि अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि गेज. त्यामुळे "साफ केलंय, आता बघा चालवून" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. काय निघालं, कुठून निघालं, किती निघालं, हे मला कळायला हवं असतं.

तक्रार अशी होती. सिडको ते अंबड, अंबड ते सातपूर, शहरात कुठेही न्या, गाडी एकदम शहाणी. पाथर्डी फाट्यावरून मुंबई हायवेला लागलं आणि साठच्या आसपास वेग धरून ठेवला की विल्होळीपर्यंत ठीक. त्याच्या पुढे ती जड व्हायची. थ्रॉटल पिळला तरी पुढे जायला मागायची नाही. मध्येच एक झटका, मग लागोपाठ दोन-तीन, आणि वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे-पलीकडे बंद. बाजूला घेऊन थांबलं, थोडा वेळ गेला, की एका किकमध्ये चालू. काही किलोमीटर गेलं की पुन्हा बंद. त्यात एक गोष्ट अशी होती जिने सगळ्यांना चकवलं: टाकी नुकतीच भरलेली असली की गाडी जास्त लवकर बंद पडायची.

टाकी भरल्यावर बंद पडते म्हटलं की संशय पंपावर जाणार. घरातले, ऑफिसातले, सगळे म्हणाले भेसळ आहे, पंप बदल. पंपावर संशय असेल तर तिथल्या तिथे तपासता येतं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. फिल्टर पेपर मागायचा आपल्याला हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून पेपरवर एक थेंब टाकायचा. स्वच्छ पेट्रोल उडून जातं आणि मागे डाग राहत नाही. घनताही विचारता येते, ती त्यांच्याकडे रोजच्या रोज नोंदलेली असते. मी पेपर मागितला, थेंब टाकला, डाग राहिला नाही. शिवाय भेसळ असती तर गाडी शहरातही कुरकुरली असती. पंप माझ्या यादीतून बाद झाला.

तोवर गॅरेजमध्ये कार्बोरेटर एकापेक्षा जास्त वेळा साफ होऊन आला होता. प्लग नवा बसला होता. एअर फिल्टरही बदलला होता. फरक शून्य.

मग मी कागद घेऊन बसले. साठचा वेग आणि लिटरला साठचा ॲव्हरेज धरला तर इंजिनाला तासाला एक लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे मिनिटाला साधारण १७ मिली. शहरात थांबत-थांबत सरासरी वेग वीसचा पडतो. ॲव्हरेज पन्नास धरला तर तासाला ४०० मिली, मिनिटाला सातही नाही. आता समजा वाटेत कुठेतरी अडथळा आहे आणि वाटीत मिनिटाला दहाच मिली पोचतंय. शहरात ते पुरून उरेल. सिग्नलला उभं असताना वाटी भरूनही निघेल. हायवेला मात्र मिनिटाला सात मिलीची तूट. वाटीत मुळात मावतं किती, दोन-चार चमचे. ती शिल्लक काही मिनिटांत संपणार, पातळी जेटच्या खाली जाणार, गाडी झटके देणार. थांबलं की वाटी हळूहळू भरणार आणि गाडी एका किकमध्ये चालू होणार. माझ्या गाडीचं वागणं यात चपखल बसत होतं. तक्रार वेगाची नव्हती, मिनिटाच्या हिशेबाची होती.

पण असंच वागणं प्लगला स्पार्क पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलचंही असतं. गरम झाली की स्पार्क देणं सोडते, थंड झाली की परत येते. त्यामुळे हिशेब जुळला म्हणून निकाल लागत नाही, पुरावा लागतो. तो कसा मिळवायचा हे मला जुन्या नाशकातल्या एका चाचांनी सांगितलं. आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने त्यांच्याकडे पाठवलं होतं. वय बरंच, नजर कमी झालेली, आता दुरुस्तीला गाड्या फार घेत नाहीत. मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "बेटा, गाडी बंद पडली तेव्हा वाटीचा स्क्रू ढिला करून बघितलास का?"

"नाही चाचा. गॅरेजला आणेपर्यंत ती परत चालू होते."

"मग गॅरेजला आणायचीच नाही. जिथे पडते तिथेच बघायचं. वाटीत पेट्रोल असेल तर दुखणं आत आहे. नसेल तर वर जा."

कार्बोरेटरच्या वाटीला खालच्या बाजूला एक ड्रेन स्क्रू असतो. तो दोन आटे फिरवला की वाटीतलं पेट्रोल खालच्या बारीक पाइपातून बाहेर येतं. पुढच्या वेळी घोटीला निघताना मी स्क्रू-ड्रायव्हर आणि औषधाची एक रुंद तोंडाची बाटली बरोबर घेतली. वाडीवऱ्ह्याच्या आधी गाडी बंद पडली. झाडाखाली घेतली, इंजिन जरा निवू दिलं, बाटली धरली, स्क्रू सोडला. चार थेंब. टाकीखालचा पेट्रोल सोडणारा कॉक चालू, टाकी जवळपास भरलेली आणि वाटीतून चार थेंब. मग मी स्क्रू तसाच ठेवून टाकीचं झाकण उघडलं. आत हवा ओढली गेल्याचा बारीक सुस्कारा ऐकू आला आणि दुसऱ्याच क्षणी बाटलीत धार लागली.

टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्यासाठी एक बारीक वाट ठेवलेली असते. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुडत अडतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते. टाकीचंही तेच आहे. अशा जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलींत सहसा पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. पेट्रोल निव्वळ उंचीमुळे खाली येतं. टाकीतल्या पातळीपासून वाटीपर्यंतची उंची वीस-तीस सेंटिमीटर. पेट्रोलच्या एवढ्या उंचीचा दाब काढला तर तो हवेच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के भरतो. म्हणजे टाकीत दोन टक्क्यांची पोकळी झाली तरी पेट्रोल जागच्या जागी थांबतं.

टाकी भरल्यावर लवकर बंद का पडायची, त्याचं उत्तरही इथेच आहे. टाकी अर्धी असेल तर वर बरीच हवा असते. थोडं पेट्रोल खाली गेलं तरी ती हवा फारशी विरळ होत नाही. टाकी गच्च भरलेली असेल तर वर हवेचा पातळ थर उरतो. तेवढंच पेट्रोल गेलं की तो थर लगेच ताणला जातो. पंपवाल्यावर उगाच आळ आला होता.

झाकण उतरवून बघितलं तर हवेच्या वाटेत गाडी चमकवायच्या पॉलिशची पांढरी पापडी आणि घोटीकडची लाल माती यांचा मिळून घट्ट थर बसला होता. कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश, मग हवा. तोंडाने फुंकून दोन्ही बाजूंनी खात्री करता येते. झाकणाचं रबर पुसून परत बसवलं. काम एवढंच.

मी तिथे थांबले नाही आणि ते बरं झालं. टाकी भरलेली असताना गाडी आता घोटीपर्यंत बिनबोभाट जायची. पण टाकी अर्ध्यावर आली की मुंढेगावच्या पुढे पुन्हा तोच जडपणा, आता उलट्या बाजूने. रिझर्व्ह लागायला अजून भरपूर अवकाश असताना कॉक रिझर्व्हवर फिरवला की गाडी लगेच दम धरायची. दोन अर्धवट दोष एकावर एक बसले की असं होतं. एक काढला की दुसऱ्याचा चेहरा दिसतो.

इथे बाटली कामाला येते, आणि ही चाचणी मी प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने वर्षातून एकदा करावी असं म्हणेन. मोकळ्या जागेत, इंजिन पूर्ण थंड, आजूबाजूला विडी-सिगारेट नाही, तुळशीपाशी दिवा नाही, मोबाइल खिशात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबची ठिणगीही पकडते. त्यामुळे पार्किंगच्या तळघरात हे काम कधीच करू नये. कार्बोरेटरकडचा पाइप काढायचा, मापाच्या खुणा असलेल्या बाटलीत सोडायचा, कॉक चालू करायचा आणि मिनिटभर बघत राहायचं. आधी झाकण उघडं ठेवून, मग बंद करून. आधी चालू स्थितीत, मग रिझर्व्हवर.

धार कशी आहे ते डोळ्यांनी बघणं महत्त्वाचं. सुरुवातीला जोरात येऊन हळूहळू बारीक होत गेली तर झाकण. सुरुवातीपासूनच बारीक असेल तर कॉक, जाळी किंवा पाइप. थांबत-थांबत येत असेल तर पाइपात हवेचा फुगा अडकलाय किंवा पाइप कुठेतरी मुडपलाय. चालू आणि रिझर्व्ह यांच्यात मोठा फरक असेल तर कॉकच्या वर टाकीत उभी असलेली नळी, कारण चालू स्थितीत पेट्रोल तिच्यातून येतं आणि रिझर्व्हवर तळातून.

माझ्या गाडीत रिझर्व्हवर मिनिटाला दोनशे मिलीच्या आसपास येत होतं आणि चालू स्थितीत पन्नासही नाही. टाकी जसजशी उतरेल तसतशी उंची कमी होणार, धार आणखी मंदावणार, शिवाय वाटीत शिरताना फ्लोट पिनच्या (वाटी भरली की तरंगता फ्लोट जी वर ढकलून पेट्रोल थांबवतो ती पिन) अरुंद वाटेतून जाताना ती अजून घटणार. टाकी रिकामी करून कॉक काढला. उभ्या नळीवरची जाळी विटकरी रंगाच्या गाळाने वरपासून खालपर्यंत लिंपलेली. खाली रिझर्व्हची वाट थोडी मोकळी राहिली होती, एवढंच.

तो गाळ गंजाचा होता आणि गंजाला कारण पाणी. इगतपुरी-घोटीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे सांगायला नको. आषाढात तिकडे भिंतींना ओल येते, तांदळाला वास येतो. अर्धी रिकामी टाकी अंगणात उभी राहिली की दिवसा तापते, रात्री निवते, निवताना दमट हवा आत ओढते आणि ती हवा टाकीच्या वरच्या पत्र्यावर दव धरते. थेंब खाली जातात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे बुडाला बसतं आणि शिवणीपाशी पत्रा खातं.

आता त्यात इथेनॉलची भर आहे. ऊस, मळी, मका, तांदूळ यांपासून काढलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात; देशात जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलबरोबर इंजिनातून वाफ होऊन निघून जातं, तो एका अर्थी फायदाच. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होऊन तळाला बसतात. रिझर्व्ह तळातूनच ओढतो, त्यामुळे रिझर्व्हवर टाकताच खोकणारी गाडी असेल तर पाण्याचा संशय घ्यावा. बाटलीत काढलेलं पेट्रोल अर्धा तास स्थिर ठेवलं की खाली वेगळा थर किंवा गोळे स्पष्ट दिसतात. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, आमच्या जिल्ह्यातल्या ऊस आणि मक्याच्या शेतकऱ्याला त्यातून पैसे मिळतात ही चांगली गोष्ट आहे. पण १९९९ ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती, तिची रबरं आणि गॅस्केटं त्या हिशेबाची नव्हती. म्हणून जुन्या गाडीवाल्याने काळजी वाढवायला हवी.

टाकी साफ करायला मी लिंबूसत वापरलं. किराणा दुकानात मिळतं ते. टाकी उतरवून, कॉक काढून, भोक बुचाने बंद केलं. कडक पाण्यात लिंबूसत विरघळवून रात्रभर टाकीत ठेवलं, मूठभर नटबोल्ट आत टाकून मधूनमधून हलवलं. सकाळी काळपट-पिवळं पाणी निघालं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं म्हणजे आम्ल मरतं, मग स्वच्छ पाण्याने. आणि त्यानंतर अजिबात वेळ घालवायचा नाही. उघडा पडलेला स्वच्छ पत्रा ओला राहिला तर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. मी उन्हात ठेवून ब्लोअरने वाळवली आणि थोडं पेट्रोल व इंजिन ऑइल मिसळून आतून सगळीकडे फिरवून घेतलं. नटबोल्ट आत टाकताना आणि काढताना मोजून घ्यावेत. रंगावर आम्लाचं पाणी सांडू नये म्हणून कापड गुंडाळावं. दादांनी टाकीवर रंगवून घेतलेलं "आई" मला तसंच हवं होतं.

पेट्रोलचा पाइप त्याच वेळी बदलला. बाहेरून ठीक दिसणारा पाइप आतून फुगलेला असू शकतो. कापून आडवा छेद बघितला तर आतलं रबर मऊ होऊन भोक बारीक झालं होतं. नवा घेताना पेट्रोलसाठीचाच घ्यावा. कूलरचा पारदर्शक पाइप काही जण लावतात, तो महिन्यात काठीसारखा कडक होतो. लांबी मापाची हवी. जास्त लांब ठेवला तर मध्ये वर वळसा घेतो आणि तिथे हवेचा फुगा अडकतो. पाइपात छोटा फिल्टर घालायचा असेल तर घाला, पण उंचीच्या जोरावर चालणाऱ्या पुरवठ्याचा घ्या. पंपाच्या गाडीचा दाट कागदाचा फिल्टर इथे स्वतःच अडथळा होतो.

एवढं सगळं झाल्यावर, वाटीपर्यंत पेट्रोल भरपूर पोचतंय याची खात्री झाल्यावर, मगच कार्बोरेटर. आणि तिथेही आधी लक्षणं वाचायची. रेस न देता नुसती चालू ठेवली की गाडी थांबत असेल, चोक ओढल्याशिवाय चालत नसेल, पण वेगात ठीक असेल तर पायलट जेट. मधल्या वेगात अडखळत असेल तर थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडमधली सुई आणि तिची नळी. पूर्ण पिळल्यावरच दम संपत असेल तर मेन जेट, अर्थात पुरवठा ठीक असल्याचं आधी सिद्ध झालेलं असेल तर. खालच्या पाइपातून पेट्रोल ठिबकत असेल, म्हणजे गाडी ओव्हर होत असेल, तर फ्लोट पिनच्या टोकावर कण अडकलाय, पिन झिजलीय किंवा फ्लोटला चीर पडून त्यात पेट्रोल शिरलंय. फ्लोट कानाशी हलवला की आतलं पेट्रोल वाजतं. प्लगही बोलतो: पांढुरका झाला असेल तर पेट्रोल कमी, काळा काजळीचा असेल तर जास्त, ओला निघाला तर गाडी ओव्हर झालीय. आणि वाटीत पेट्रोल भरपूर असूनही गाडी मरत असेल तर स्पार्ककडे वळायचं, कार्बोरेटरला छळत बसायचं नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा जीव तुटतो. जेटमध्ये तार घालणं. वायर ब्रशचा केस, क्लचच्या केबलची तार, टाचणी, जे हाताला लागेल ते. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि पितळ मऊ असतं. समजा भोक ०.४० मिलिमीटरचं आहे आणि तारेने घासून ते ०.४४ झालं. वाढ डोळ्यांना दिसणार नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे भोक २१ टक्क्यांनी मोठं झालं. आमच्या कारखान्यात असा भाग आला असता तर मी तो नापास मालाच्या लाल डब्यात टाकला असता. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, उजेडाकडे धरून गोल चंद्र दिसतो का बघा. अगदीच अडलं तर मासेमारीचा बारीक तंगूस चालतो, तो पितळापेक्षा मऊ असतो. तरीही मोकळं झालं नाही तर नवा जेट घ्या, जुन्यावर कोरलेला नंबर बघून तोच.

टू-स्ट्रोक गाडीवाल्यांनी पेट्रोल कमी पडण्याची तक्रार जास्त मनावर घ्यावी. देवळाली कॅम्पातल्या माझ्या मैत्रिणीच्या भावाकडे यामाहाची आरएक्स १०० आहे. तिच्यात ऑइल वेगळ्या पंपाने जातं, त्यामुळे पेट्रोल अडलं तरी ऑइल येत राहतं, पण पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की आतलं तापमान चढतं आणि पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. ज्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात, त्यांत तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं. तशी गाडी झटके द्यायला लागली की "अजून थोडं पुढे जाऊ" म्हणू नये. क्लच दाबा, बाजूला घ्या.

घाटाबद्दलही एक गैरसमज ऐकू येतो. कसाऱ्याहून वर इगतपुरीला आलं की हवा विरळ होते म्हणून गाडी दम सोडते, असं सांगतात. कसारा आणि इगतपुरीमधला फरक सुमारे तीनशे मीटरचा. तेवढ्याने हवेची घनता तीनेक टक्के कमी होते, एवढ्याने चांगली गाडी बंद पडत नाही. घाटात दम सुटतो कारण तिथे इंजिनाला सपाटीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल लागतं, आणि सपाटीवर झाकून राहिलेला अडथळा चढावर उघडा पडतो. म्हणून माझ्या मते कसारा घाट ही पेट्रोल पुरवठ्याची सगळ्यात खरी परीक्षा आहे.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचे बीएस-६ निकष लागू झाले आणि जवळपास सगळ्यांना कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. नव्या पोरांच्या हातात आता स्कॅनर असतो, ते शिकले ते त्याच्यावरच, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण निफाड, दिंडोरीच्या बांधाबांधावर द्राक्षाचे क्रेट वाहणाऱ्या जुन्या स्प्लेंडर अजून धावताहेत, आणि चाचांसारखी माणसं दुकानाची शटरं खाली ओढताहेत. म्हणून गाडीवाल्यानेच हे थोडं शिकून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. मी परत जाऊन चाचांना सगळं सांगितलं, कापलेला पाइप आणि जाळी दाखवली. त्यांनी जाळी बोटांत धरून उजेडाकडे नेली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "हे फेकू नकोस. पुढचा कोणी विचारायला आला की दाखव." ती आता माझ्या टूलबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

गाडी सध्या घोटीला नीट जाते-येते. एक काम बाकी आहे. कॉक चालू ठेवून रात्रभर उभी केली की सकाळी खालच्या पाइपाच्या टोकाला ओल दिसते, म्हणजे फ्लोट पिनचं टोक झिजलंय. पिन बघायची आणि तिची बैठकही, कारण नव्या पिनला जुनी बैठक नेहमी मानवत नाही. तोपर्यंत गाडी लावली की कॉक बंद करते. पावसाळा सुरू व्हायच्या आत ते उरकायचं, झाकणाचं रबर नवं घालायचं आणि जूनपासून टाकी अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही.